बुलफ्रॉग की हॅमस्टर? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी लागली की हॅमस्टरचे प्रश्न सुरू होतात आणि मृग लागला की बेडकांचे. मधल्या काळात दोन्ही मिक्स येतात, "सर कुठला पाळायला सोपा" म्हणून. मी प्राणीशास्त्र शिकवतो, प्राण्यांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तेच तेच परत टाईप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. प्रश्न पाठवायच्या आधी एकदा खाली नजर टाका.

१. नक्की कुठला बेडूक आणि कुठला हॅमस्टर? बेडूक तर शंभर प्रकारचे असतात.

बरोबर. इथं बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगरिनस. पहिल्या मोठ्या पावसाला येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या भाताच्या शिवारात जो हळदीसारखा पिवळा होऊन ओरडत असतो तोच. मोठा झाला की सहा इंचांच्या पुढं जातो, हातात मावत नाही. आणि हॅमस्टर म्हणजे सिरियन किंवा गोल्डन हॅमस्टर, मेसोक्रिसेटस ऑरॅटस, उंदरासारखा कुरतडणारा प्राणी, शंभर ते दीडशे ग्रॅमचा, जवळजवळ शेपूट नसलेला. दुकानात अंगठ्याएवढे बारके मिळतात ते ड्वार्फ हॅमस्टर, ती वेगळी जात, त्यांचं प्रश्न ७ मध्ये आहे.

भिंतीकडेला, लाईटखाली खरखरीत अंगाचा जो बसलेला असतो तो बुलफ्रॉग नाही, तो भेक, म्हणजे टोड. डोळ्यांच्या मागं दोन फुगीर गाठी दिसल्या की समजायचं. बुलफ्रॉगची कातडी ओली, पाठीवर लांबट उभ्या घड्या आणि मागच्या पायाच्या बोटांत भरपूर पडदा.

२. तो पिवळा होतो ते विषारी असतो म्हणून का?

नाही हो. एरवी तो हिरवट-मातकट असतो, पाठीवर बऱ्याचदा मधोमध एक फिकी रेघ. पावसाच्या सुरुवातीला फक्त नर पिवळेजर्द होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूच्या पिशव्या निळ्या, त्या फुगवून ओरडतात. मादी मातकटच राहते. रंग थोड्या दिवसांचा असतो, मग परत नेहमीसारखा. व्हॉट्सअपवर "दुर्मिळ विषारी पिवळा बेडूक सापडला" म्हणून दरवर्षी एक फोटो फिरतो, तो हाच.

३. मुलीला प्रोजेक्ट आहे, दोघांतला मूळ फरक थोडक्यात सांगा ना.

एक उभयचर, एक सस्तन, हे पुस्तकात आहेच. माझ्या मते खरा फरक शरीराच्या तापमानात आहे आणि बाकी सगळं त्याच्या मागून येतं. बेडूक अंगात उष्णता तयार करून धरून ठेवत नाही, बाहेर जेवढं तापमान तेवढंच साधारण त्याचं, त्यामुळं त्याला अन्न कमी लागतं, एकदा पोटभर खाल्लं की बरेच दिवस ढकलू शकतो. हॅमस्टरचं अंग कायम ३६-३८ डिग्रीला ठेवायचं असतं, हृदय मिनिटाला तीनशे-चारशे ठोके मारतंय, मग त्याला रोज खायला पाहिजेच, साधारण दहा-बारा ग्रॅम.

प्रोजेक्टमध्ये अजून टाकायचं असेल तर: बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे, हॅमस्टरच्या चार. बेडूक फुप्फुसानं आणि ओल्या कातडीनंही श्वास घेतो. बेडकाची जीभ पुढच्या बाजूनं चिकटलेली आणि मागून मोकळी, म्हणून ती बाहेर फेकता येते. आणि गिळताना तो डोळे मिटतो ते चवीनं खातोय म्हणून नाही, डोळ्यांचे गोळे खाली दाबून घास आत ढकलायला मदत होते. मुलांना हे फार आवडतं, वर्गात एवढं एकच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

४. उन्हाळ्यात एवढे बेडूक जातात कुठं? आणि हॅमस्टर पण महिनोन् महिने झोपतो म्हणतात, मग दोघांचं सेमच झालं की.

सेम नाही, उलटं आहे.

बुलफ्रॉग उन्हाळा टाळतो. भाताचं रान वाळून भेगा पडायला लागल्या की तो बांधाच्या कडेला, मऊ मातीत, जुन्या बिळात खाली जातो आणि हालचाल जवळजवळ बंद करतो. श्वास मंद, भूक नाही, अंगातली चरबी आणि मूत्राशयात साठवलेलं पाणी यावर भागवतो. वळीव जोरात झाला तर एखादा वर येऊन बघून जातो, खरं खरी गर्दी मृगाच्या दमदार पावसालाच. एका रात्रीत सगळे वर येतात, ओरडतात, जोड्या जमतात, अंडी घालतात आणि चार दिवसांत आवाज खाली येतो. नांगरताना, जेसीबीनं बांध काढताना मातीतून मेल्यासारखा बेडूक निघाला तर तो मेलेला असेलच असं नाही. सावलीच्या ओलसर मातीत परत ठेवा, पाणी ओतत बसू नका.

हॅमस्टर थंडी टाळतो. तापमान पाच डिग्रीच्या आसपास गेलं आणि दिवस लहान झाला तर सिरियन हॅमस्टर झोपेत जाऊ शकतो, तेव्हा त्याचं अंग खोलीएवढं गार पडतं आणि दर थोड्या दिवसांनी मधे जागा होऊन साठवलेलं खातो. आता बेळगावची थंडी कितीही गुलाबी म्हटली तरी टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या आत पाच डिग्री होत नाही. त्यामुळं आपल्याकडं हॅमस्टर "हायबरनेट झालाय" हे उत्तर जवळपास कधीच बरोबर नसतं, आणि एप्रिल-मे मध्ये तर अजिबातच नाही.

५. मग एप्रिलात हॅमस्टर लांबडा होऊन निपचित पडलाय, ते काय?

उष्माघात समजा. ३० डिग्रीच्या पुढं त्याला त्रास सुरू होतो, त्याला १८ ते २४ बरं वाटतं. अथणी, रायबागकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची वरची खोली असली तर बेळगावातसुद्धा धोकाच. लगेच सावलीच्या गार खोलीत हलवा, ओल्या फडक्यानं पाय आणि कान पुसा, तोंडाजवळ पाणी धरा पण ओतू नका, बर्फात घालू नका, आणि डॉक्टरकडं न्या. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे असतात, त्यामुळं हॅमस्टर घ्यायच्या आधीच फोन करून कोण बघतं ते विचारून ठेवा, आजारी पडल्यावर नाही.

रोजच्या उन्हाळ्यासाठी: पिंजरा जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीला, आत एक फरशीचा तुकडा किंवा मातीचं छोटं गाडगं आडवं करून. फ्रीजमधली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर टेकवून ठेवली तरी चालतं. कूलरच्या थेट तोंडासमोर नको.

६. शेतातला बेडूक आणून टाकीत पाळला तर चालतो का? फुकट आहे की.

फुकट आहे, पण कायद्यात बसत नाही. बुलफ्रॉग वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं, बाळगणं, विकणं, मारणं सगळं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "लहान पोरानं आणलंय" म्हणून कोणी लगेच केस करणार नाही, खरं आणलंच असेल तर त्याच रात्री, जिथून आणला तिथंच सोडा. लांबच्या दुसऱ्या तळ्यात नको, कातडीवरची बुरशी इकडची तिकडं जाते, आणि ती काइट्रिड नावाची बुरशी पश्चिम घाटातही सापडलेली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी तो पाळायचा प्राणीच नाही. घाबरला की काचेवर उड्या मारून नाक फोडून घेतो. पोरांना बेडूक दाखवायचाच असेल तर पावसात संध्याकाळी टॉर्च घेऊन शिवाराकडं जावा, बांधावरून बघा, एवढं चांगलं फुकटात काही नाही.

७. दुकानदार म्हणतो जोडीच घ्या, एकटा राहिला तर झुरून मरतो. खरं काय?

सिरियन असेल तर साफ खोटं. हा एकटा राहणारा प्राणी. पाच-सहा आठवड्यांचा झाला की भावंडंसुद्धा एकमेकांना चावायला लागतात, आणि मोठ्या मादीनं नराला मारून टाकल्याच्या केसेस पाळणाऱ्यांना नवीन नाहीत. सकाळी पिंजऱ्यात एक जखमी आणि एक गप्प बसलेला, असे फोटो मला उन्हाळ्याच्या सुट्टीत येतच असतात. एक पिंजरा, एक हॅमस्टर, विषय संपला.

ड्वार्फ जातीतले काही, लहानपणापासून एकत्र वाढलेले, मोठ्या जागेत एकत्र राहू शकतात. तिथंही भांडण सुरू झालं की कायमचं वेगळं करायचं, म्हणजे दुसरा पिंजरा घरात तयार पाहिजे. आणि नर-मादी जोडी घेतली तर पुढं काय होतं ते प्रश्न ९ मध्ये.

८. दोघं खातात काय? हॅमस्टरला घरातलं दिलं तर चालतं का?

बुलफ्रॉगला हललं आणि तोंडात मावलं की ते खाणं. नाकतोडे, वाळवीची पंखवाली, गोगलगाय, खेकड्याची पिल्लं, उंदीर, छोटा साप, दुसरा बेडूक, स्वतःच्या जातीचा लहानसुद्धा. न हलणारं मेलेलं अन्न त्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. भातशेतीत त्याचा उपयोग म्हणतात तो यामुळंच. आपल्या देशातून एके काळी बेडकांच्या तंगड्या टनांनी परदेशात जायच्या, १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली, त्याला एक कारण शेतातल्या किडीचंही दिलं गेलं.

हॅमस्टर मुख्यतः दाणे खाणारा, वर कधी किडा मिळाला तर तोही. तयार पेलेट हा पाया ठेवा, त्यात थोडा जोंधळा, गहू, ओट्स, भोपळ्याच्या बिया. काकडी, गाजर नखाएवढं, रोज नको. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट, कच्चा बटाटा नाही. आणि हो, कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, तोही नाही. हा प्रश्न खरंच येतो, "एवढासा दिला तर?", म्हणून लिहितोय. शंभर ग्रॅमच्या जिवाला एवढासा म्हणजे आपल्याला किलोभर.

खाल्लेलं दिसतं ते सगळं खाल्लेलं नसतं हेही लक्षात ठेवा. तो गालाच्या पिशव्यांत भरतो, त्या पार खांद्यापर्यंत मागं जातात, मग कोपऱ्यात नेऊन दोन्ही पुढच्या पंजांनी गालावर दाबून सगळं बाहेर काढतो. वाटी रिकामी बघून लोक परत भरतात आणि आठवड्यानं घरट्याखाली बुरशी आलेला साठा निघतो. ओलं काही दिलं असेल तर दुसऱ्या दिवशी शोधून काढा. पाण्याचं सांगायचं तर बाटली कायम भरलेली. बेडूक मात्र तोंडानं पाणी पीतच नाही, पोटाखालच्या कातडीनं ओढून घेतो.

९. पिल्लं कुणाची जास्त? मी ऐकलंय हॅमस्टर पंधरा दिवसांत वितो.

सोळा दिवस. पोटात नाळेनं वाढणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये हा सगळ्यात कमी काळांपैकी एक. एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज, कधी जास्तही, उघडी, आंधळी, पण पुढचे दात घेऊनच जन्मलेली. मादी दर चार दिवसांनी माजावर येते. म्हणजे "जोडी" घेतलेल्या माणसाला दिवाळीपर्यंत गल्लीभर हॅमस्टर वाटत फिरावं लागतं. विल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस घरट्याला हात लावू नका, डोकावू नका, आई घाबरली तर पिल्लं खाते.

बुलफ्रॉग संख्येत पुढं आहे, मादी एका वेळी हजारांत अंडी घालते, उथळ साचलेल्या पाण्यात. पण आई-बाप तिथं थांबत नाहीत. बेडूकमासेसुद्धा मांसाहारी, दुसऱ्या जातीच्या बेडूकमाशांना आणि आपल्याच भावंडांना खातात. डबकं वाळायच्या आत चार पाय फुटले पाहिजेत अशी घाई असते, महिना-दीड महिन्याचा खेळ. हजारांतले किती उरतात ते बगळे आणि धामणी ठरवतात. हाच बुलफ्रॉग अंदमानात माणसांबरोबर पोचला तिथं मात्र तो डोकेदुखी झालाय, तिथल्या छोट्या बेडकांना त्याचे बेडूकमासे संपवतात. आपल्या शिवारात उपयोगी म्हणून सगळीकडं उपयोगी असं नसतं.

१०. बेडूक हातावर मुतला की चामखीळ येते का? आणि हॅमस्टर चावला तर रेबीजचं इंजेक्शन?

चामखीळ माणसातल्या विषाणूनं येते, बेडकाचा संबंध नाही. तो मुततो म्हणजे घाबरलाय आणि साठवलेलं पाणी टाकतोय, उन्हाळ्यात ते त्याला महागात पडतं. भेक हाताळला तर हात डोळ्याला लावू नका, कुत्र्यानं तोंडात धरला तर फेस येतो, तोंड पाण्यानं धुवा आणि डॉक्टरला दाखवा.

घरातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या हॅमस्टरकडून रेबीज जवळजवळ ऐकिवात नाही. तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा आणि शेवटचा निर्णय डॉक्टरचा. बेडकाला रेबीज होतच नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग. साल्मोनेला मात्र दोघांकडूनही येऊ शकतो, म्हणून हाताळल्यावर हात धुणं सक्तीचं. घरात कोणी गरोदर असेल तर हॅमस्टरचा पिंजरा तिनं साफ करू नये, त्यांच्याकडून एक विषाणू येऊ शकतो जो पोटातल्या बाळाला वाईट.

११. हॅमस्टरला लायसन्स लागतं का?

नाही. तो भारतातला वन्यजीव नाही आणि ज्या परदेशी प्राण्यांची सरकारी नोंदणी करावी लागते त्या यादीतही सिरियन हॅमस्टर नाही. दुकानाला मात्र २०१८ चे पेट शॉप नियम लागू आहेत.

१२. हे एवढ्या लांबचे सिरियन हॅमस्टर आपल्याकडं आले कसे?

प्रयोगशाळेतून. १९३० मध्ये इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणीशास्त्रज्ञानं अलेप्पोजवळच्या शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली, जेरुसलेमला काळाआजाराच्या जातीच्या रोगावर संशोधन चाललेलं त्यासाठी पाहिजे होती. त्यातली थोडीच जगली आणि जगभरच्या पाळीव सिरियन हॅमस्टरांचा बहुतेक सगळा वंश त्या एका घरातला. तिकडं गव्हाच्या, कडधान्याच्या शेतात शेतकरी त्यांना आपण घुशीला बघतो तसंच बघतात, आणि जंगलातली संख्या घटतीय. पिंजऱ्यात लाखोंनी आणि मूळ गावी धोक्यात, असा प्रकार आहे.

१३. गोव्याच्या हॉटेलात बेडूक मिळतो म्हणे, आमची पोरं चोर्ला घाटातून जाताना खाऊन आली.

"जंपिंग चिकन" म्हणून चोरून विकतात. गोव्यातही बंदी आहे, तिथलं वनखातं दर पावसाळ्यात लोकांना सांगतं आणि रात्री गस्तही घालतं. कायदा प्रश्न ६ मधलाच, राज्य बदललं म्हणून बदलत नाही. खानापूर बाजूला रात्री पोती आणि बॅटऱ्या घेऊन ओढ्याकाठी माणसं दिसली तर स्वतः भांडायला जाऊ नका, वनखात्याला कळवा. पकडतात ते ओरडणारे नर आणि अंडी भरलेल्या माद्याच, म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणंच उचललं.

१४. बाथरूममध्ये, विहिरीत बेडूक आलाय. मीठ टाकू का?

मीठ, फिनेल, चुन्याची पूड काही नाही. त्याची कातडी म्हणजे अर्धं फुप्फुस, मीठ टाकलं की तो तडफडून मरतो. हात ओले करा, त्यावर साबण-क्रीम नको, नाहीतर प्लास्टिकचा डबा वरून झाका, खाली पुठ्ठा सरकवा आणि बाहेर ओलीकडं सोडा. बाथरूमच्या मोरीला जाळी बसवली की प्रश्न मिटला. कठडा नसलेल्या विहिरीत, सिमेंटच्या टाकीत पडलेले बेडूक गुळगुळीत भिंतीनं वर येऊ शकत नाहीत आणि दमून बुडतात. एक खरखरीत फळी किंवा काथ्याचा जाड दोर तिरका सोडून ठेवा, रात्रीत आपापले निघून जातात.

१५. हॅमस्टर आता नको झालाय, मुलगा हॉस्टेलला गेला. मार्कंडेय नदीकाठी शेतात सोडला तर जगेल की, उंदीरच तो.

जगणार नाही. कोरड्या गवताळ प्रदेशातला प्राणी, त्यात सोनेरी रंग, माणसाची सवय, पहिल्या रात्रीच मांजर, घुबड, धामण कोणीतरी उचलेल, आणि नाहीच उचललं तर जुलैतल्या आपल्या पावसात बीळ पाण्यानं भरून जाईल. असंही त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यातलं उरलेलं कुणाला तरी देऊन पूर्ण होऊ दे. पिंजरा, चाक, भुसा सगळ्यासकट द्या, नुसता प्राणी दिला तर समोरचा सगळ्यात बारका पिंजरा आणतो. देताना हे सांगा: चाक सलग पृष्ठभागाचं आणि मोठं, दहा-अकरा इंच, गजांचं नको, पाय अडकतो. खाली पंधरा-वीस सेंटीमीटर जाड भुसा, खणायला, पण वासाच्या देवदार-पाईनच्या लाकडाचा नको.

१६. दोघांना एका मोठ्या टाकीत ठेवलं तर? यूट्यूबवर बघितलंय.

बुलफ्रॉग ठेवायचा नाही हे प्रश्न ६ मध्ये झालंच. परदेशी पॅकमॅन बेडूक घेऊन विचारणारेही आहेत, उत्तर तेच. बेडकाला ओल पाहिजे, हॅमस्टरला कोरडं. ओल्या भुशात हॅमस्टरला सर्दी आणि जुलाब लागतात, शेपटीकडचा भाग ओला राहायला लागला तर एक-दोन दिवसांत जातो. आणि तोंडात मावतं ते खाणं हा बेडकाचा नियम पॅकमॅनही पाळतो, ड्वार्फ हॅमस्टर त्यात मावतो. तसले व्हिडिओ बघून लाईक पण करू नका.

१७. पाऊस लांबला की गावात बेडकाचं लग्न लावतात, ते चालतं का?

गुर्जी फिरवा, धोंडी धोंडी पाणी दे म्हणत दारोदार जावा, मलाही ते आवडतं. बेडकाला मात्र दोऱ्यानं बांधून, हळद-कुंकू फासून उन्हात मिरवणूक काढली तर वरात संपेपर्यंत तो कातडी वाळून मेलेला असतो. काही ठिकाणी आता मातीचे, लाकडाचे बेडूक करतात, तसं करा. आणि तो ओरडला म्हणून पाऊस येत नाही, हवेतली ओल वाढली, पाऊस पडला म्हणून तो ओरडतो.

१८. आमच्या वेळी कॉलेजात बेडूक कापायला लावायचे. अजून लावतात का? हॅमस्टरवर पण प्रयोग होतात ना?

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०११ पासून पायरीपायरीनं आणि २०१४ मध्ये स्पष्टपणे प्राणीशास्त्राच्या वर्गातली चिरफाड बंद करायला सांगितली, आता कॉम्प्युटरवर किंवा मॉडेलवर शिकवतात. शिकायला काही कमी पडत नाही, उलट फॉर्मलिनच्या वासानं पोरं पळायची ती आता थांबतात. संशोधनात हॅमस्टर अजून आहेत. कोरोना सिरियन हॅमस्टरला माणसासारखाच लागतो म्हणून त्यांच्यावर बराच अभ्यास झाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमध्ये एका पेट शॉपमधून साथ पसरल्यावर दोन हजारांच्या आसपास हॅमस्टर आणि इतर छोटे प्राणी मारले गेले. तेव्हापासून "घरातल्या हॅमस्टरमुळं कोरोना होईल का" हा प्रश्न येतो. उलट शक्यता धरून चाला: घरात कोणाला ताप-खोकला असेल तर त्यानं पिंजऱ्यापासून लांब राहावं, दुसऱ्यानं खायला घालावं.

१९. मुलगी सहावीत आहे, रोज संध्याकाळी खेळायला म्हणून हॅमस्टर घ्यायचा आहे. घेऊ का?

संध्याकाळी खेळायला म्हणून नको. तो रात्री जागतो, मुलगी झोपली की चाक सुरू होतं, आणि दिवसा झोपेतून उठवला की चावतो. बघायला आवडणारी, हात न लावता अर्धा तास बसू शकणारी मुलगी असेल तर जरूर घ्या, पण एप्रिलच्या तोंडावर नाही, दिवाळीनंतर घ्या, म्हणजे उन्हाळा यायच्या आत तुम्हाला त्याचं वागणं कळलेलं असेल. आणि दहावीच्या वर्षात घेऊ नका, त्या वर्षी पिंजरा शेवटी आईलाच साफ करावा लागतो, हे मला प्रत्येक आईनं सांगितलंय.